घरभर एकदम वाजणारे स्मोक अलार्म: वायरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात घरगुती वायरिंगची कामं घेतो. पूर्वी स्मोक अलार्मसाठी वर्षाकाठी एखादा फोन यायचा. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले. त्यात कारखान्याच्याच इमारतीत राहणाऱ्या मालकाच्या घरातली माणसंही होती. त्यानंतर फोन वाढले, आणि खाली धंदा व वर बिऱ्हाड असलेल्यांचे जास्त वाढले. लोक व्हॉइस मेसेजवर जसं विचारतात तसेच प्रश्न खाली घेतले आहेत. एकदा दिलेलं उत्तर परत लिहिलेलं नाही, त्या प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. स्मोक अलार्म आणि स्मोक डिटेक्टर एकच ना? दुकानदार तर एकच म्हणतो.

एकच नाहीत. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळते ती पांढरी गोल डबी म्हणजे बहुधा पॅनेलवर चालणारा डिटेक्टर. तो २४ व्होल्ट डीसीवर चालतो, त्याला स्वतःचा भोंगा नसतो. धूर दिसला की तो पॅनेलला कळवतो आणि पॅनेल हूटर वाजवतं. हॉटेल, दवाखाना, ऑफिस यांच्यासाठी ही रचना ठीक आहे. घरासाठी हवा तो स्मोक अलार्म. त्यात धूर ओळखणारा भाग, भोंगा आणि बॅटरी एकाच डबीत असतात, आणि तो सरळ २३० व्होल्टवर चालतो.

खोक्यावर '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ' आणि 'ईएन १४६०४' (युरोपचं स्मोक अलार्मसाठीचं मानक) लिहिलंय का ते पाहा. त्याशिवाय मागच्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रलसोबत तिसरं, जोडणीचं टर्मिनल हवं. ते नसेल तर अलार्म चांगला असूनही इतरांशी बोलणार नाही. २४ व्होल्टचा डिटेक्टर वायरमननं बोर्डातल्या फेज-न्यूट्रलला जोडला आणि तो धूर ओळखण्याआधी स्वतःच धूर सोडून मोकळा झाला, असं एका घरी मी पाहिलंय.

२. प्रत्येक खोलीत एकेक सुटा अलार्म लावला तर काय बिघडलं? एकमेकांना जोडायची गरज काय?

मे महिन्यातली रात्र आठवा. वरच्या मजल्यावर बेडरूमचं दार लावलेलं, पंखा पाचवर, खिडकीत कूलर घरघरतोय. तळमजल्यावर फ्रिजच्या मागं प्लग जळायला लागला आणि तिथला अलार्म वाजला. अलार्मचा आवाज साधारण ३ मीटरवर ८५ डेसिबल असतो, म्हणजे चांगलाच कर्कश. पण एक स्लॅब, एक जिना आणि दोन दारं ओलांडून तो कूलरच्या आवाजात कितपत पोचेल? जोडलेले अलार्म असतील तर खालच्यानं धूर पाहिला की वरचा उशाशी वाजतो. जोडणीचा सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच आहे.

आणि धूर जिन्यानं वर चढतो. वरच्या मजल्यावरच्या सुट्या अलार्मला धूर दिसेल तोपर्यंत खाली उतरायची वाट बंद झालेली असू शकते.

३. कायद्यानं हे सक्तीचं आहे का? नाही लावलं तर दंड होतो का?

एका-दोन कुटुंबांच्या खासगी बुटक्या घराला, म्हणजे बंगला, रो हाऊस, पेठेतलं जुनं घर यांना, स्मोक अलार्म लावाच अशी सक्ती नाही आणि दंडही नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये अग्निसुरक्षेच्या अपेक्षा आहेत, पण त्यांचा मुख्य रोख उंच इमारती आणि गर्दीच्या जागा यांवर आहे. उंच इमारतीतल्या फ्लॅटवाल्यांनी प्रश्न १८ पाहावा.

लावायचं ठरवलं की मात्र वायरिंगला नियम लागू होतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा व वीजपुरवठा नियम आणि घरगुती वायरिंगसाठीचं आयएस ७३२ हे मानक इथंही तसंच लागू आहे. काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यायचं. अलार्म कुठं आणि किती लावायचे यासाठी मी अमेरिकेचं एनएफपीए ७२ आणि ब्रिटनचं बीएस ५८३९ भाग ६ या मानकांचा आधार घेतो, कारण कंपन्यांची पत्रकंही त्यांना धरूनच लिहिलेली असतात. स्कॉटलंडमध्ये तर फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात असे जोडलेले अलार्म सक्तीचे आहेत.

४. किती लागतील? जुळे सोलापुरात दोन मजली बंगला आहे, तीन बेडरूम.

प्रत्येक बेडरूमच्या आत एक, बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये एक, आणि प्रत्येक मजल्यावर निदान एक. तुमच्या घरात तीन बेडरूमचे तीन, वरच्या पॅसेजला एक, खाली जिन्याजवळ एक, हॉलमध्ये एक आणि स्वयंपाकघरात एक हीट अलार्म. झाले सात. हीट का, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

सात परवडत नसतील तर आधी पॅसेज आणि जिना धरा, मग हॉल. वायर मात्र सातही जागांपर्यंत आत्ताच ओढून ठेवा. अलार्म पुढच्या दिवाळीलाही घेता येतो, पण पुट्टी मारलेली भिंत परत कोण फोडणार? जिथं अलार्म बसला नाही तिथं वायरींची टोकं कनेक्टरमध्ये बंद करून बॉक्सला झाकण लावा.

५. छताच्या मधोमध लावायचा म्हणतात, पण तिथं तर पंखा आहे.

परदेशी पत्रकात पंख्याचा विचार कमी असतो, आपल्याकडं तो सगळ्यात मोठा. पंख्याचा झोत धूर अलार्मपर्यंत पोचूच देत नाही. पात्याच्या टोकापासून निदान तीन फूट लांब लावा. भिंतीपासून आणि दिव्यापासून एक फूट सोडा, कारण छत आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात हवा अडकून राहते. दहा बाय दहाच्या खोलीत ४८ इंची पंखा मधोमध असेल तर पात्याचं टोक आणि भिंत यांत जेमतेम तीन फूट उरतात, दोन्ही अटी एका रेषेत बसत नाहीत. अशा खोलीत कोपऱ्याच्या दिशेनं, तिरक्या रेषेवर जागा काढायची, तिथं अंतर जास्त मिळतं. कूलर आणि एसीच्या झोतासमोर नको. बाथरूमच्या दारापासूनही तीन फूट लांब, नाहीतर थंडीत कढत पाण्याच्या वाफेनं तो रोज सकाळी घर उठवेल.

६. वायरिंग नेमकं कसं असतं? आमचा वायरमन म्हणतो दोन वायरी पुरे.

दोन वायरींत अलार्म चालू होईल, पण जोडला जाणार नाही. तीन लागतात: फेज, न्यूट्रल आणि सिग्नल वायर. डीबीतल्या (घराच्या मुख्य वितरण बोर्डातल्या) ६ अँपिअरच्या एमसीबीकडून (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) फेज-न्यूट्रल पहिल्या अलार्मला येतात, तिथून लूपिंग करत दुसऱ्याला, तिसऱ्याला. सिग्नल वायर डीबीपर्यंत जात नाही. ती पहिल्या अलार्मच्या जोडणी टर्मिनलवर सुरू होते आणि शेवटच्याच्या त्याच टर्मिनलवर संपते.

१.५ चौरस मिमीची तांब्याची एफआरएलएस (आग लवकर न धरणारी, धूर कमी सोडणारी) वायर घ्या, तिन्हींना तीच. सिग्नल वायरमधून नगण्य करंट जातो म्हणून टेलिफोनची बारीक वायर वापरायचा मोह होतो. ती चालत नाही. ही वायर २३० व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पाइपात असते, म्हणून तिचं इन्सुलेशनही तेवढ्याच ताकदीचं हवं, आणि हाताळताना ती जिवंत आहे असंच समजायचं. बहुतेक अलार्म दुहेरी इन्सुलेशनचे असतात, त्यांना अर्थिंगचं टर्मिनलच नसतं. तरी हिरवी वायर प्रत्येक बॉक्सपर्यंत न्यावी आणि टोक कनेक्टरमध्ये बंद करून ठेवावं. पुढं कुणी तिथं लोखंडी दिवा लावला तर उपयोगी पडेल.

सिग्नल वायर चुकून फेजला लागली तर एकाच क्षणी सगळे अलार्म जळू शकतात. म्हणून आधी नुसते बेस बसवायचे, प्रत्येक वायरची कंटिन्युइटी (मधे कुठं तुटलेली नाही ना) पाहायची, मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनची तपासणी) करायचा असेल तर तेव्हाच करायचा. अलार्म सगळ्यात शेवटी. ५०० व्होल्टचा मेगर लावलेल्या अलार्मवर चालवला तर आतलं सर्किट गेलंच समजा.

एका साखळीत किती अलार्म चालतात आणि वायरची एकूण लांबी किती, हे त्या कंपनीच्या पत्रकात असतं. एनएफपीए ७२ ची मर्यादा १२ स्मोक अलार्म, आणि हीट वगैरे धरून १८. आपल्या घरांना ती गाठायची वेळ येत नाही.

७. फेज कुठून घ्यायचा? पॅसेजच्या ट्यूबलाइटमधून घेतला तर वायर वाचते.

वाचते, पण घोटाळा होतो. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये कायमचा फेज स्विचबोर्डात असतो. दिव्याच्या पॉइंटवर येतो तो स्विचमधून फिरून आलेला. दिवा बंद झाला की तिथला फेजही गेला.

माझ्याच घरात हे झालंय, सांगायला लाज वाटते. मी बाहेरगावी कामावर असताना मदतीला आलेल्या पोरानं वरच्या पॅसेजचा अलार्म ट्यूबच्या पॉइंटवरून दिला. माझ्या आईला रोज रात्री दहाला पॅसेजचा दिवा बंद करायची सवय. म्हणजे अलार्म रोज रात्रभर बॅटरीवर. काही महिन्यांनी पहाटे तीनला टिक् टिक् सुरू झालं. मी स्टुलावर चढून नवी बॅटरी घातली आणि झोपलो. थोड्याच महिन्यांत परत तेच. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. बॅटरी पार संपून अलार्म गप्प झाला असता तर महिनोन् महिने कळलंही नसतं.

म्हणून स्विचच्या अलीकडचा, कायमचा फेजच घ्यायचा. खात्री करणं सोपं आहे: घरातले सगळे दिवे बंद करा आणि प्रत्येक अलार्मचा हिरवा दिवा चालू आहे का पाहा.

मग स्वतंत्र एमसीबी द्यायचा की रोजच्या लाइटच्या सर्किटवर घ्यायचं? दोन्ही रीतींना मान्यता आहे. मी स्वतः लाइटच्या सर्किटच्या बाजूचा. स्वतंत्र एमसीबी पडला तर कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि अलार्म टिकटिकायला लागला की चिडून तोच खाली पाडायचा मोहही होतो. लाइटच्या सर्किटवर असेल तर एमसीबी पडताच हॉल अंधारात जातो आणि माणूस उठून बघतो. डीबीत दोन आरसीसीबी (करंट गळाला की आपोआप पडणारे स्विच) असतील तर गिझर आणि वॉशिंग मशीनच्या आरसीसीबीवर अलार्म घेऊ नका. दमट दिवसांत गिझरनं ट्रिप केलं की अलार्मही बॅटरीवर जातात.

८. युट्यूबवर अमेरिकेचा व्हिडिओ पाहून स्वतः करता येईल का? सगळं नीट दाखवलंय.

त्यांच्यासाठी नीट दाखवलंय. तिकडं १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, तिथला अलार्म आपल्याकडं लावला तर जळतो. त्याहून वाईट गोष्ट रंगांची. त्यांच्याकडं काळी वायर फेज, पांढरी न्यूट्रल आणि लाल ही सिग्नलची. आपल्याकडच्या घरांत लाल म्हणजे फेज आणि काळी म्हणजे न्यूट्रल. व्हिडिओ बघून लाल वायर सिग्नल टर्मिनलला लावली, तर प्रश्न ६ मध्ये सांगितलेला अपघात तुम्ही स्वतःच्या हातानं केलात.

सिग्नल वायरसाठी मी करडा रंग घेतो आणि प्रत्येक बॉक्समध्ये तिच्यावर टेपनं 'सिग्नल' असं लिहितो. हिरवा रंग अर्थिंगशिवाय कशालाच वापरू नये. पाच वर्षांनी ते झाकण उघडणारा वायरमन वेगळा असणार.

९. घरात थ्री फेज आहे. वरचे अलार्म एका फेजवर आणि खालचे दुसऱ्यावर चालतील का?

नाही. वायरनं जोडलेले सगळे अलार्म एकाच सर्किटवर, म्हणजे एकाच एमसीबीवर हवेत. सिग्नलचा इशारा न्यूट्रलच्या आधारानं मोजला जातो. दोन सर्किटचे न्यूट्रल सिग्नल वायरमधून एकमेकांत गुंतले की आरसीसीबी विनाकारण ट्रिप होतो. आणि एक एमसीबी खाली पाडून वायरमननं निर्धास्तपणे हात घातला, तरी दुसरीकडून सिग्नल वायर जिवंत असू शकते.

याचाच जोडप्रश्न पेठांमधून येतो: भाऊ वेगळे झाले, घर एकच, मीटर दोन. दोन मीटरच्या घरांत सिग्नल वायर ओढायची नाही, कितीही जवळ असली तरी. प्रत्येक मीटरची साखळी वेगळी ठेवा आणि दोन साखळ्या वायरलेसनं जोडा. भावाच्या घरचा धूर तुम्हाला कळणं दोघांच्याही फायद्याचं. त्यांची फोडणी तुमच्याकडं वाजली तर मात्र मला फोन करू नका, प्रश्न १२ वाचा.

१०. घर बांधून झालंय, भिंती फोडायच्या नाहीत. वायरलेस घेतला तर?

चालतो, आणि राहत्या घरात मी तोच सुचवतो. दोन प्रकार आहेत. एकात वीज २३० व्होल्टची आणि फक्त सिग्नल रेडिओनं. दुसऱ्यात सगळंच सीलबंद लिथियम बॅटरीवर, जी साधारण दहा वर्षं चालते. दुसऱ्यात वायरमनची गरजच नाही. पहिल्यासाठी वीज न्यायला केसिंग-केपिंगची पट्टी मारता येते.

बाहेरून मागवणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. आपल्याकडं छोट्या उपकरणांसाठी विनापरवाना खुला असलेला पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे. युरोपातले बरेच अलार्म ८६८ च्या थोडे वर चालतात, ते इथं नियमात बसत नाहीत. नातेवाइकानं लंडनहून आणलेला सेट लावायच्या आधी त्याच्या मागचा आकडा वाचा.

जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी दगडी भिंतीतून रेडिओ सिग्नल अडखळतो. आधी अलार्म नुसते हातात धरून, दारं लावून, प्रत्येक जागी टेस्ट बटण दाबून बघा, मग भोकं पाडा.

११. वीज गेली की?

आतली बॅटरी सांभाळते, तीही सिग्नलसकट: एक वाजला की सगळे वाजतात. इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलं तरी हरकत नाही, पण इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अलार्मचा पॉवर सप्लाय तापतो. अलार्म इन्व्हर्टरवर आहे म्हणून आतली बॅटरी काढून ठेवणारेही भेटलेत. आगीत सगळ्यात आधी वायरिंगच जाऊ शकतं, तेव्हा इन्व्हर्टर असून नसल्यासारखा.

१२. शेंगा भाजल्या, मिरची तळली की वाजतो. शेवटी काढून कपाटात ठेवला.

सोलापूरच्या स्वयंपाकघराला स्मोक अलार्म झेपत नाही. शेंगाचटणीसाठी कढईत शेंगदाणे भाजणं, लाल मिरचीची फोडणी, तव्यावर कडक भाकरी, यातला प्रत्येक धूर त्याला आगच वाटतो. चूक अलार्मची नाही, जागेची आहे. स्वयंपाकघरात हीट अलार्म लावा. तो धुराकडं बघत नाही, हवा साधारण ५८ अंशांना पोचली की वाजतो. सिग्नल वायर मात्र सगळ्यांची एकच.

स्मोक अलार्म शेगडीपासून किमान दहा फूट लांब न्या. हॉल-किचन एकच असेल तर हश बटण असलेला ऑप्टिकल (प्रकाशाच्या मदतीनं धूर ओळखणारा) प्रकारचा घ्या. बटण दाबलं की तो काही मिनिटं गप्प बसतो आणि आपोआप परत कामाला लागतो. आयोनायझेशन प्रकारच्या अलार्ममध्ये अमेरिशियम २४१ हा किरणोत्सारी पदार्थ असतो, आणि फोडणीला तो अधिकच हळवा. घरासाठी तो नकोच.

देवघरातला धूप, उदबत्ती यांनी सहसा वाजत नाही, अगदी खाली धरली नाही तर. सत्यनारायणाच्या होमाचं वेगळं. त्या दिवशी त्या खोलीतला अलार्म काढून ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी बांधू नका. रंगकामाच्या वेळी बांधलेली पिशवी दोन वर्षांनी तशीच लटकलेली मी काढली आहे.

१३. आमचं पत्र्याचं घर आहे. आणि गावाकडं धाब्याचं. तिथं कसं लावायचं?

पत्र्याखाली उन्हाळ्यात तापलेल्या हवेचा थर साचतो आणि वर चढणारा धूर त्या थराच्या खालीच थबकतो. शिवाय घरगुती अलार्म बहुधा ० ते ४० अंशांसाठी बनवलेले असतात. सोलापुरात मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीच्या वर, पत्र्याखालचं तर विचारू नका. पत्र्याला चिकटवून लावू नका. आतल्या भिंतीवर, वरून चार ते बारा इंच खाली लावा. खाली पीओपी किंवा दुसरं छत मारलेलं असेल तर त्या छतालाच लावा. हीट अलार्म पत्र्याखाली नकोच, दुपारीच वाजायचा.

धाब्याच्या घरात वरून माती झिरपते. सागवानी तुळईच्या खालच्या अंगाला, अलार्मपेक्षा मोठी लाकडी फळी ठोकून तिच्यावर बसवा, म्हणजे माती थेट आत पडत नाही. दोन तुळयांच्या मधल्या खोबणीत नको. तिथं वायर उघडी ओढू नका, पाइपातूनच न्या. उंदीर आहेत.

१४. खाली चार माग आहेत, वर आम्ही राहतो. मागाच्या शेडमध्ये स्मोक अलार्म टिकेल का?

नाही टिकणार. सुताचा भुगा अलार्मच्या जाळीत बसतो. आधी तो सारखा खोटा वाजतो, मग जाळी पूर्ण बुजते आणि खऱ्या धुरालाही वाजत नाही. शेडमध्ये हीट अलार्म लावा, आणि जिन्याच्या तोंडाशी दाराच्या घराकडच्या बाजूला स्मोक अलार्म. जिन्याला घट्ट बसणारं दार नसेल तर अलार्मच्या आधी ते करा.

मागाचं कनेक्शन बहुतेक वेगळ्या मीटरवर असतं, म्हणून प्रश्न ९ इथंही लागू. शेडचा हीट अलार्म घराच्याच मीटरवर आणि घराच्याच साखळीत घ्या. रात्री माग बंद करून शेडचा मेन पाडायची पद्धत आहे, ती चांगलीही आहे, पण अलार्म त्या मेनवर असेल तर रात्रभर तो बॅटरीवरच.

आणि वर राहणाऱ्यांना बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का? खिडकीला लोखंडी ग्रिल पक्कं बसवलेलं असेल तर त्यातला एक भाग आतून उघडणारा करून घ्या. हे वायरिंगमध्ये बसत नाही, पण मी विचारल्याशिवाय राहत नाही.

१५. दोन कंपन्यांचे अलार्म एकमेकांना जोडता येतात का?

नाही, तिन्ही वायरी जुळल्या तरी. एका कंपनीचा इशारा एका व्होल्टेजचा, दुसऱ्याचा वेगळा. कधी तो पोचत नाही, कधी समोरचा अलार्म खराब होतो. एकाच कंपनीची जुनी-नवी मॉडेलंसुद्धा पत्रकात 'जुळतात' असं लिहिलं असेल तरच जोडा.

१६. मध्यरात्री सगळे वाजले आणि धूर कुठंच नाही. कुठला बिघडलाय ते कसं ओळखायचं?

ज्यानं सुरुवात केली त्याचा लाल दिवा भराभर लुकलुकतो, बाकीच्यांचा नाही. बहुतेक मॉडेलांत असंच असतं. काहींत आवाज थांबल्यावरही ती खूण टिकते. त्याच्या आत बहुधा बारीक कोळी किंवा मुंग्या सापडतात. मऊ ब्रशनं आणि व्हॅक्युम क्लीनरनं बाहेरून साफ करा. फुंकर मारू नका, धूळ आणखी आत जाते.

दर मिनिटाला एकदाच 'टिक्' होत असेल तर ती बॅटरीची कुरकुर, आणि ती फक्त त्याच अलार्ममधून येते, साखळीतून पसरत नाही. त्या आवाजाची दिशा कानाला फसवते, म्हणून प्रत्येकाखाली मिनिटभर उभे राहा.

१७. काम झाल्यावर तपासून कसं घ्यायचं, आणि पुढं?

वायरमन शिडी आवरायच्या आत चार गोष्टी करून घ्या. एक, एका अलार्मचं टेस्ट बटण धरून ठेवा आणि घरातल्या माणसांना बाकीच्या खोल्यांत उभं करून सगळे वाजले का विचारा. दोन, हेच प्रत्येक अलार्मवरून करा; एकावरून सगळे वाजले म्हणजे सगळ्यांवरून वाजतील असं नाही. तीन, एमसीबी पाडून परत एकदा. चार, प्रश्न ७ मधली दिवे बंद करण्याची परीक्षा.

नंतर महिन्यातून एकदा बटण. मी महावितरणचं बिल आलं की दाबतो, तेवढंच लक्षात राहतं. दिवाळीच्या साफसफाईत झटकणी अलार्मवरूनही फिरवा. दहा वर्षं झाली की चालू असला तरी बदला. मागं छापलेल्या तारखेपासून दहा, बसवल्यापासून नाही. बसवतानाच ती तारीख मार्करनं कडेला लिहून ठेवा.

१८. होटगी रोडला सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे. बिल्डिंगची सिस्टीम आहे, तरी घरात हे लावू का?

लावा. बिल्डिंगची सिस्टीम जिने, पार्किंग, सामायिक जागांसाठी असते. तुमच्या बेडरूममधला धूर तिला दिसत नाही. पण तुमची साखळी बिल्डिंगच्या पॅनेलला जोडायची नाही, आणि तिच्या वायरला हात लावायचा नाही. ते काम महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ खाली परवाना असलेल्या एजन्सीचं. सिस्टीम सुस्थितीत असल्याचा फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. सोसायटीच्या सभेत तो मागून बघा, पंखा बंद न करताही शांतता पसरते.

घरातल्या अलार्मवर बिल्डिंगची फायर एनओसी मिळत नाही, हेही विचारणारे असतात.

१९. गॅस गळतीचा अलार्म याच साखळीत घालता येईल का?

त्याच कंपनीचा आणि जुळणारा असेल तर. जागा मात्र उलटी: सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो, म्हणून तो अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर. गॅस गिझर असलेल्यांना खरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याचा वास येत नाही आणि स्मोक अलार्मला तो कळत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म लागतो, आणि त्याहून आधी गिझर बाथरूमबाहेर काढावा लागतो.

२०. आजींना ऐकू कमी येतं. मोठ्या आवाजाचा मिळतो का?

आवाज वाढवून फारसा फरक पडत नाही. नेहमीच्या अलार्मचा सूर उंच असतो, आणि वय झाल्यावर कान आधी तेच सूर सोडतात. ५२० हर्ट्झचा, खालच्या सुरातला अलार्म झोपेतल्या माणसाला चांगला जागा करतो. त्याच साखळीवर चालणारा उशीखाली थरथरणारा पॅड आणि झगझगीत दिवाही मिळतो. तोवर आजींच्या शेजारी झोपणाऱ्या नातवाला सांगून ठेवा.

२१. विडी घरकुलात दोन खोल्यांचं घर आहे. एवढं सगळं करायचं का?

नाही. दोन खोल्या आणि मधे एक दार, तिथं वायर ओढायचा खर्च मी करू देत नाही. झोपायच्या खोलीत दाराच्या बाजूला एक बॅटरीचा ऑप्टिकल अलार्म लावा, चुलीपासून दहा फूट साधत नसेल तर जमेल तितका लांब आणि हश बटणाचा. तंबाखू-पानांची पोती किंवा सूत घरातच असेल तर ते स्विचबोर्डापासून दूर ठेवा. घर भाड्याचं असेल तरी हेच, सोडताना काढून नेता येतो. अलार्मच्या खोक्यावर १०१ मोठ्या आकड्यांत लिहून ते दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं एका घरी पाहिलं होतं. तेव्हापासून मीही तेच करतो.